कंपनीच्या मास्तरांचा सिद्धांत

१८०५ साली इंग्लंडमधल्या एका पाद्र्याला मास्तरकीची नोकरी लागली. पगार देणार होती ईस्ट इंडिया कंपनी. हिंदुस्थानात कारभार करायला निघालेली सोळा-सतरा वर्षांची पोरे आधी जरा शिकवून, घासूनपुसून पाठवावीत, असे कंपनीला वाटू लागले होते. त्यासाठी तिने एक कॉलेज काढले, आणि तिथे इतिहास व अर्थशास्त्र शिकवायला हे गृहस्थ रुजू झाले. त्यांचे नाव थॉमस रॉबर्ट माल्थस. १८०९ मध्ये कॉलेज हेलीबरी या गावी हलले. माल्थस तिथेच राहिले आणि १८३४ च्या डिसेंबरात वारले तोवर शिकवत होते. पोरे पाठीमागे त्यांना 'पॉप' म्हणायची. 'पॉप्युलेशन'मधले पॉप.

आमचे दहिसर ज्या साष्टी बेटावर आहे, ते १७७४ पासून इंग्रजांकडे होते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि देशावरचा मुलूखही त्यांच्या हाती आला. म्हणजे माल्थस हेलीबरीच्या वर्गात फळ्यापुढे उभे राहून जे सांगत होते, ते ऐकणारी पोरे चार-दोन वर्षांत पुणे, नगर, सोलापूर, ठाणे इथे साहेब म्हणून उतरत होती. माल्थसच्या एका विचारातून पुढे डार्विनचा उत्क्रांतिवाद कसा निघाला, हे शाळेच्या पुस्तकातही येते. तोच विचार त्याआधी आपल्या शेतावर येऊन गेला आणि नंतर आपल्या दुष्काळातही आला, ही हकिकत मात्र सहसा कोणी सांगत नाही.

विचार साधा होता. १७९८ साली माल्थसने एक निबंध छापला, तोही स्वतःचे नाव न घालता. फ्रेंच राज्यक्रांतीनंतरचे ते दिवस. गॉडविन आणि काँदोर्से यांच्यासारखे विचारवंत म्हणत होते की मनुष्यजात सुधारत सुधारत सुखाच्या शिखरावर जाईल. माल्थसने त्यांच्यापुढे हिशेब मांडला. अडवले नाही तर लोकसंख्या दर २५ वर्षांनी दुप्पट होते: १, २, ४, ८, १६. अन्न मात्र फार तर १, २, ३, ४, ५ असे वाढते. पहिली भूमिती श्रेढी, दुसरी अंकगणिती. २०० वर्षांत माणसे २५६ पट आणि अन्न ९ पट. मग हा मेळ बसतो कसा? माल्थसचे उत्तर होते: दुष्काळ, रोगराई, युद्ध आणि दुराचार यांनी. १८०३ च्या आवृत्तीत त्याने आणखी एक वाट दाखवली: लग्न उशिरा करा, आणि तोवर संयम पाळा. गरिबांना सरकारी मदत दिली की ते लवकर लग्ने करतात, पोरे वाढतात आणि गरिबीही वाढते, असा त्याचा दावा होता. माणूस स्वभावाने दुष्ट नव्हता, उलट मृदू बोलणारा म्हणून त्याची ख्याती होती. पण या हिशेबाचा उपयोग कठोर माणसांना फार झाला.

हेलीबरीच्या वर्गात बसलेला एक विद्यार्थी रॉबर्ट कीथ प्रिंगल. मुंबई इलाख्यात नोकरीला आल्यावर १८२० च्या दशकाच्या अखेरीस त्याच्यावर दख्खनच्या जमीनमोजणीचे आणि साऱ्याची आकारणी ठरवण्याचे काम आले. पेशव्यांच्या शेवटच्या वर्षांत मामलती लिलावाने दिल्या जात, तेव्हा शेतकऱ्याकडून किती घ्यायचे याला धरबंध उरला नव्हता. प्रिंगलला ते शास्त्रावर बसवायचे होते, आणि शास्त्र त्याच्या मास्तरांचे होते. खंडाचा सिद्धांत माल्थसने १८१५ मध्ये मांडला, अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोने दोन वर्षांनी तो घासून धारदार केला. त्याचे मूळ लोकसंख्येतच आहे. माणसे वाढली की चांगली जमीन पुरत नाही, मग हलकी जमीन नांगराखाली येते. हलक्या जमिनीत जेमतेम खर्च सुटतो. त्याच खर्चात चांगल्या जमिनीत जे जास्त पिकते, तो खंड. तो कोणाच्या घामाचा नाही, केवळ जमिनीच्या कसाचा आहे. म्हणून सरकारने त्यातून सारा घेतला तर कोणाचे काही बिघडत नाही.

कागदावर हे सुरेख आहे. प्रिंगलने ठरवले की प्रत्येक प्रतीच्या जमिनीत किती पिकते ते काढायचे, त्यातून बैल, बियाणे, खत, मजुरी असा सगळा खर्च वजा करायचा आणि जे निव्वळ उरेल त्याचे ५५ टक्के सरकारने घ्यायचे. आता पुणे जिल्ह्यातल्या जिराईत शेतकऱ्याला जाऊन विचारा की तुझ्या या तुकड्यात खर्च वजा जाता सरासरी किती उरते. तो हसेल तरी किंवा साहेबाला काय ऐकायचे आहे ते ओळखून सांगेल. मधल्या कारकुनांनी आणि गावकामगारांनी आकड्यांत हात मारला तो वेगळाच. त्यातच धान्याचे भाव पडले. सारा नगद द्यायचा, आणि धान्याला मोल नाही. इंदापूर तालुक्यात गावेच्या गावे ओस पडली, माणसे शेजारच्या निजामाच्या हद्दीत निघून गेली, जमीन पड राहिली. अखेर १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी इंदापुरातच नवी पद्धत सुरू केली. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला, जमिनीची प्रत आणि मागला अनुभव पाहून सुसह्य आकार बसवला आणि तो ३० वर्षांसाठी कायम केला. मुंबई इलाख्यातली पुढची सगळी रयतवारी त्यावरच उभी राहिली. गंमत अशी की ज्या सिद्धांताने माणसांची गर्दी गृहीत धरली होती, त्याने इंदापुरात माणसांचा दुष्काळ पाडला.

विंगेट-गोल्डस्मिड इंदापुरात बांध मोजत होते, त्याच १८३६ सालच्या ऑक्टोबरात बीगल जहाज पाच वर्षांची जगसफर करून इंग्लंडला परतले. जहाजावरचा तरुण निसर्गअभ्यासक चार्ल्स डार्विन याला आता एका प्रश्नाने पछाडले होते. जीवजाती बदलतात हे त्याला पटले होते. पण कशाने बदलतात? कबुतरे आणि गुरे पाळणारे लोक निवड करून नव्या जाती काढतात हे त्याला ठाऊक होते. निसर्गात निवड करणारा मालक कोण?

१८३८ च्या सप्टेंबरअखेर त्याने माल्थसचा निबंध वाचायला घेतला. पुढे तो म्हणाला की ते गमतीखातर होते, पण लंडनमध्ये तेव्हा माल्थस हा चहाच्या टेबलावरचा विषय होता. गरिबांच्या मदतीला कात्री लावणारा कायदा चारच वर्षांपूर्वी, १८३४ मध्ये, झाला होता आणि डार्विनच्या भावाची मैत्रीण हॅरिएट मार्टिनो माल्थसची तत्त्वे गोष्टींतून लोकांना समजावून देत होती. २८ सप्टेंबरला डार्विनने आपल्या वहीत नोंद केली. तिचा आशय असा: निसर्गात जणू लाखभर पाचरी जागेसाठी ठोकल्या जात आहेत, जिथे फट सापडेल तिथे जो सरस तो शिरतो आणि जो कमजोर तो बाहेर फेकला जातो.

या ठिकाणी जरा थांबायला हवे, कारण डार्विनने माल्थसकडून काय घेतले याबद्दल पुष्कळदा अर्धवट सांगितले जाते. 'जीवनासाठी झगडा' ही कल्पना नवी नव्हती. प्राणी एकमेकांना खातात हे कोणाला ठाऊक नव्हते? पण लोक पाहत होते वाघ आणि हरीण. माल्थसच्या आकड्यांनी डार्विनची नजर हरणा-हरणांमधल्या चढाओढीकडे वळवली. एकाच जातीत जन्मलेल्या शंभरांपैकी दोन-चार जगणार असतील तर त्या शंभरांतले बारीकसारीक फरक एकदम मोलाचे ठरतात. ते फरक पोरांत उतरत असतील, तर पिढ्यान्पिढ्या तीच बाजू वजनदार होत जाईल. निवड करणारा मालक लागतच नाही. टंचाईच ते काम करते. आणि इथेच त्याने माल्थसला उलटे केले. माल्थसने हा नियम सांगितला तो जग सुधारणार नाही हे दाखवायला. डार्विनने त्याच नियमातून जग बदलत कसे जाते हे काढले.

आकड्यांचा हा भर त्याने शेवटपर्यंत सोडला नाही. उत्क्रांतीवरच्या आपल्या १८५९ च्या ग्रंथात त्याने सर्वांत सावकाश वाढणारा प्राणी म्हणून हत्ती निवडला आणि हिशेब दिला की एका जोडीपासून पाचशे वर्षांत दीड कोटी हत्ती होतील. पुढे वाचकांनी गणित तपासले आणि ते चुकलेले निघाले. सहाव्या आवृत्तीत त्याने ७४० ते ७५० वर्षांत सुमारे १ कोटी ९० लाख, अशी दुरुस्ती केली. आकडा हलला, मुद्दा हलला नाही: हत्तीसुद्धा अडवल्याशिवाय वाढायचा थांबत नसतो.

मुद्दा पाहायचा तर दहिसरहून लांब जावे लागत नाही. जूनच्या पहिल्या जोरदार सरीनंतर राष्ट्रीय उद्यानाच्या कडेच्या डबक्यांत पिवळेधमक बेडूक डराव डराव करत जमतात. त्यांची एकेक मादी हजारांनी अंडी घालते. सगळी जगली तर दोन-तीन पावसाळ्यांत चेकनाक्यावरून गाड्या जाणार नाहीत. पण डबके आटते, मासे आणि पाणकिडे बेडूकमासे खातात, मोठे बेडूकही लहानांना सोडत नाहीत. दरवर्षी बेडूक साधारण तेवढेच. आता त्याच डोंगरावरचा बिबट्या घ्या. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे जंगल, तिन्ही बाजूंनी शहर. २०१५ च्या कॅमेरा-गणनेत ३५ बिबटे आढळले आणि २०१८ मध्ये ४७. जंगलाच्या मानाने ही दाटी मोठी आहे, आणि ती टिकते त्याला एक कारण जंगलाबाहेरचे आहे. आपल्या वस्त्यांतला कचरा, त्यावर पोसलेली भटकी कुत्री आणि त्या कुत्र्यांवर बिबटे. २०१८ च्या एका अभ्यासाने अंदाज दिला की हे बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार कुत्री फस्त करतात, आणि त्यामुळे माणसांना होणारे कुत्र्यांचे चावे कमी होतात. माल्थसला मर्यादा दिसली ती अन्नाची. डार्विनला दिसले की एका जातीची मर्यादा दुसऱ्या जातीच्या हाती असते, तिची तिसरीच्या. मांजरे जास्त तिथे उंदीर कमी, उंदीर कमी तिथे भुंग्यांची घरटी सुरक्षित, भुंगे भरपूर तिथे लाल क्लोव्हरचे बी भरपूर, असे त्याचे स्वतःचे उदाहरण आहे. आमच्याकडे ही साखळी कचऱ्याच्या ढिगापासून सुरू झाली असती.

डार्विनने हा सिद्धांत वीस वर्षे दाबून ठेवला. तो बाहेर काढायला लावला दुसऱ्याच माणसाने, आणि त्यानेही माल्थस वाचला होता. आल्फ्रेड रसेल वॉलेस लेस्टरच्या शाळेत मास्तर असताना १८४४ च्या सुमारास त्याच्या वाचनात तो निबंध आला. वॉलेस गरिबीतून वर आलेला. कीटक आणि पक्षी गोळा करून विकणे हा त्याचा पोटाचा धंदा. १८५८ च्या फेब्रुवारीत आजच्या इंडोनेशियातल्या तर्नाते बेटाच्या परिसरात तो हिवतापाने फणफणत पडला होता. त्या ग्लानीत त्याला माल्थसच्या आडकाठ्या आठवल्या: रोग, दुष्काळ, अपघात. मग जगतो कोण? ज्याची जडणघडण त्या परिस्थितीला बरी तो. दोन-तीन दिवसांत निबंध लिहून त्याने पोस्टाने पाठवला तो नेमका डार्विनला. जूनमध्ये पाकीट फोडल्यावर डार्विनचे हातपाय गळाले असतील तर नवल नाही. मित्रांनी मार्ग काढला आणि १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचे लेखन एकत्र वाचले गेले. वॉलेस हजारो मैलांवर होता, आणि डार्विनचे तान्हे मूल तीनच दिवसांपूर्वी गेल्याने तोही आला नव्हता. सोसायटीच्या अध्यक्षांनी वर्षाच्या आढाव्यात सांगितले की या वर्षात लक्षात राहावे असे काही घडले नाही.

त्याच १८५८ च्या सुरुवातीला हेलीबरीचे कॉलेज बंद झाले आणि वर्ष संपण्याआधी कंपनीचे राज्यही गेले. पण त्या वर्गातून निघालेली माणसे अजून खुर्च्यांवर होती. त्यांतले एक सर रिचर्ड टेंपल.

१८७६ चा पावसाळा दख्खनवर रुसला. पुणे, नगर, सोलापूर, सातारा, कलादगी इथे खरीप गेले, मग रब्बीही गेली. टेंपल दोन वर्षांपूर्वी बिहारच्या दुष्काळात होते. तिथे त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून माणसे वाचवली होती, आणि त्याबद्दल त्यांना शाबासकीऐवजी उधळपट्टीचा ठपका मिळाला होता. आता व्हाइसरॉय लिटन यांनी त्यांना काटकसर करायला पाठवले. १८७७ च्या जानेवारीत त्यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी ठरवली: दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एखादा आणा. एक पौंड म्हणजे अर्धा किलोही नाही, आणि काम खडी फोडण्याचे, माती वाहण्याचे. लोकांनी काम सोडून घरी जाणे पत्करले. मुंबई इलाख्यात लाखभर मजूर कामावरून उठले. पुण्याची सार्वजनिक सभा तेव्हा सात वर्षांची होती. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि त्यांचे सहकारी यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मागवली, सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले आणि तुरुंगातल्या कैद्याला याहून जास्त शिधा मिळतो हे आकड्यांनिशी दाखवले.

लिटनचे उत्तर कायदेमंडळातल्या त्याच्या भाषणात आहे. हिंदुस्थानातली लोकसंख्या जमिनीतून निघणाऱ्या अन्नापेक्षा लवकर वाढते, असे तो म्हणाला. हेलीबरीचा जुना धडा. सगळे खापर माल्थसवर फोडणे योग्य नाही. व्यापारात सरकारने हात घालू नये हा ॲडम स्मिथचा मंत्र आणि रिकामी तिजोरी यांचाही वाटा होता. पण भुकेला निसर्गाचा नियम म्हणण्याची सोय माल्थसने केली होती. तेव्हा धान्याची निर्यात चालू होती, हे त्या नियमात कुठे बसते ते कोणी सांगितले नाही. दोन वर्षांत देशभर पन्नास लाखांच्या वर माणसे मेली. सोलापूर जिल्ह्यात १८७२ ला सात लाखांहून जास्त लोक होते. १८८१ च्या शिरगणतीत ते सहा लाखांच्या खाली आले.

डार्विनने याचे समर्थन केले असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण १८६४ मध्ये तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सरने 'बळी तो कान पिळी'च्या जवळ जाणारा शब्दप्रयोग रूढ केला, डार्विनने पाच वर्षांनी तो आपल्या ग्रंथात घेतला, आणि त्यानंतर माणसाच्या दुःखाला जीवशास्त्राचा शिक्का मारणे सोपे झाले. माणसांवरून निघालेला विचार पशुपक्ष्यांकडे गेला आणि विज्ञानाची झूल पांघरून पुन्हा माणसांवर आला. हा फेरा मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत धोक्याचा भाग वाटतो. बेडकाच्या डबक्याला वखारी नसतात, मामलेदार नसतो, निर्यातीचे बंदर नसते.

इथली भूक हा निसर्गाचा नियम नाही, हे नीट बोलून दाखवले ते दादाभाई नौरोजींनी. १८७६ मध्ये मुंबईत त्यांनी हिंदुस्थानच्या गरिबीवरचा निबंध वाचला. त्यांचे म्हणणे असे की इथे अर्थशास्त्राच्या नियमांना सरळ काम करूच दिले जात नाही. देशातून दरवर्षी संपत्ती बाहेर ओढून नेली जाते, आणि ती ओढणारे धोरण थांबवल्याशिवाय माल्थसचे नाव घेण्याचा कोणाला अधिकार नाही.

१८७७ सालीच लंडनमध्ये माल्थसच्या नावाने दुसरेच काही सुरू झाले होते. चार्ल्स ब्रॅडलॉ आणि ॲनी बेझंट यांनी संततिनियमनाचे एक जुने पुस्तक पुन्हा छापले म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि त्यातून माल्थुसियन लीग उभी राहिली. ब्रॅडलॉने डार्विनला साक्षीला बोलावले. डार्विनने नकार कळवला. अशा साधनांना आपला विरोध आहे, असेही लिहिले. माल्थसलाही ती साधने मान्य नव्हती, त्यांना तो दुराचारात जमा करायचा. म्हणजे ज्यांच्या नावावर संततिनियमनाची चळवळ उभी होती, त्या दोघांनीही तिला दारात उभे केले नसते.

मराठी माणसापुढे हा विषय ठाकला तो रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यामुळे. विल्सन कॉलेजातल्या गणिताच्या या प्राध्यापकाला भूमिती श्रेढी समजावून द्यावी लागली नसावी. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. मेरी स्टोप्सने लंडनमध्ये आपले केंद्र उघडले तेही याच वर्षी. १९२३ मध्ये 'संततिनियमन' हे पुस्तक आले, १९२५ मध्ये नोकरी गेली, आणि १९२७ च्या जुलैत 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू झाले. घर चालले ते पत्नी मालतीबाईंच्या कमाईवर. कर्व्यांनी माल्थसचा प्रश्न घेतला, उत्तर फेकून दिले. संयमाच्या उपदेशावर त्यांचा विश्वास नव्हता. बाईच्या शरीराचे आरोग्य आणि तिची इच्छा यांवर त्यांचा भर होता. उलट १९३५ च्या डिसेंबरात संततिनियमनाच्या अमेरिकन प्रचारक मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटल्या, तेव्हा गांधीजी ब्रह्मचर्यावर ठाम राहिले. हेलीबरीच्या पाद्र्याला त्यांचे म्हणणे कर्व्यांपेक्षा खूप जवळचे वाटले असते. ना. सी. फडके तिसऱ्या वाटेने गेले. कादंबरीकार म्हणून सर्वांना माहीत असलेल्या फडक्यांनी १९२७ मध्ये लैंगिक प्रश्नांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, आणि त्यात सुप्रजननशास्त्राचा, म्हणजे चांगल्या बीजाची निवड करण्याचा, सूर होता. डार्विनची निवड माणसाने हाती घ्यावी, हा तो मोह.

'समाजस्वास्थ्य'वर १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा हायकोर्टात कर्व्यांची बाजू लढले डॉ. आंबेडकर. खटला ते हरले. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात आंबेडकरांच्या पक्षाच्या पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. आंबेडकर आजारी होते, भाषण त्यांनी तयार केले होते. ठराव फेटाळला गेला.

पुढची पावले भराभर पडली. १९५२ मध्ये स्वतंत्र भारताने कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम स्वीकारला आणि त्याच वर्षी मुंबईत त्याविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात कर्वे गेले. १९७६ साली, दख्खनच्या त्या दुष्काळाला बरोबर शंभर वर्षे होत असताना, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने ठरावीक मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक मंजूर केले. असे करणारे ते देशातले पहिले राज्य. राष्ट्रपतींची संमती त्याला मिळाली नाही, आणि १९७७ च्या निवडणुकीनंतर ते गुंडाळले गेले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या एका स्त्रीमागे मुलांची सरासरी १.७ भरली, लोकसंख्या जागच्या जागी राहायला २.१ लागते. त्यासाठी सक्तीचा कायदा लागला नाही.